आउटगोइंगसाठी राखीव लाइन: व्हॉइस गेटवेवर जागा कशी धरून ठेवायची

ऑफिसची फोनव्यवस्था आणि टेलिफोन कंपनीची लाइन यांना जोडणारं यंत्र म्हणजे व्हॉइस गेटवे. त्याला जोडलेल्या एका ई-वन (डिजिटल टेलिफोन) लाइनवर एका वेळी ३० कॉल चालतात, प्रत्येकाला एक चॅनल. ग्राहकांचे फोन घेणाऱ्या ऑफिसात एरवी त्यातली १४-१५ चॅनलच वापरात असतात. मग एक दिवस सेवा बंद पडते, सगळे ग्राहक एकदम फोन करतात आणि पाच मिनिटांत तीसच्या तीस चॅनल बाहेरून आलेल्या कॉलनी भरून जातात. नेमक्या त्याच वेळी आतल्या माणसाला दुरुस्ती करणाऱ्यांना फोन लावायचा असतो आणि त्याला लाइन मिळत नाही. तो फोन ठेवतो, पुन्हा लावतो, पुन्हा तेच. एखादं चॅनल मोकळं झालंच तर ते बाहेरचा कॉल पटकावतो, कारण बाहेर कितीतरी जण एकसारखे रीडायल करत असतात आणि आत हा एकटा.

यावर ‘पाच लाइन आउटगोइंगला राखून ठेवा’ असा सल्ला मिळतो. सल्ला बरोबर आहे. पण बहुतेक गेटवेवर ‘राखून ठेवा’ अशी सेटिंगच नसते, आणि नवखा माणूस ती शोधत बसतो. चॅनल राखणं म्हणजे प्रत्यक्षात इनकमिंग कॉलना एका आकड्यावर थांबवणं. ३० पैकी ५ राखायची म्हणजे २६वा इनकमिंग कॉल नाकारायचा. मग तो कोणी नाकारायचा, कसा नाकारायचा आणि नाकारल्यावर फोन करणाऱ्याला काय ऐकू येणार, हे तीन प्रश्न उरतात. सगळं काम या तीन प्रश्नांत आहे.

चॅनल कोण निवडतं

ई-वनमध्ये ६४ केबीपीएसचे ३२ टाइमस्लॉट असतात, एकूण २.०४८ एमबीपीएस. स्लॉट ० दोन्ही टोकांचा ताळमेळ ठेवतो, स्लॉट १६ सिग्नलिंगसाठी, म्हणजे कॉल जोडण्या-तोडण्याच्या संदेशांसाठी जातो, उरलेले ३० बोलण्यासाठी. टी-वनवर स्लॉट २४ असतात आणि ती लाइन पीआरआय (आयएसडीएन या डिजिटल फोन-पद्धतीची जोडणी) असेल तर एक सिग्नलिंगला जाऊन बोलायला २३ मिळतात. या चॅनलना स्वतःची दिशा नसते. आउटगोइंग कॉल असेल तर गेटवे मोकळं चॅनल बघून टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजकडे ते मागतो. इनकमिंग असेल तर चॅनल एक्स्चेंज निवडतं आणि ‘सेटअप’ संदेशातून गेटवेला कळवतं.

म्हणजे इनकमिंग कॉल दारात येईपर्यंत गेटवेला त्याचा पत्ताच नसतो. तो कॉल येण्यापासून रोखू शकत नाही, आल्यावर परत पाठवू शकतो, एवढंच. खरं रोखणं फक्त एक्स्चेंजच्या हातात आहे. एसआयपी ट्रंकवर (आयपी नेटवर्कवरून कॉल नेणारी जोडणी) चॅनल नसतात, एका वेळच्या कॉलची संख्या असते, पण गणित हेच.

इथेच एक चूक वारंवार होते. शेवटची पाच चॅनल गेटवेवर ‘आउट ऑफ सर्व्हिस’ करून ठेवली की त्यांवर इनकमिंग येणार नाही, असा विचार केला जातो. येत नाही, हे खरं. पण त्यांवरून आउटगोइंगही जात नाही. पंचवीस चॅनलची लाइन घेऊन तीसचे पैसे भरल्यासारखं होतं.

किती राखायची

अंदाजाने ‘पाच’ म्हणू नका. फोनच्या गर्दीचं एकक आहे एर्लांग. डॅनिश गणिती ए. के. एर्लांग यांनी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना हे गणित मांडलं, आणि १९१७ साली प्रसिद्ध झालेलं त्यांचं सूत्र आजही वापरलं जातं. एक चॅनल तासभर सलग व्यापलेलं असेल तर तो एक एर्लांग. सर्वांत गर्दीच्या तासात किती कॉल झाले ते घ्या, प्रत्येकाने चॅनल सरासरी किती मिनिटं अडवलं त्याने गुणा आणि ६० ने भागा. इथे फक्त बोलण्याची मिनिटं धरू नका. रिंग वाजत असतानाही चॅनल अडलेलं असतं. कॉल रांगेत थांबून संगीत ऐकत असतो तेव्हाही.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. गर्दीच्या तासात २४० इनकमिंग कॉल, प्रत्येकी ३ मिनिटं: १२ एर्लांग. आउटगोइंग ६० कॉल, प्रत्येकी २ मिनिटं: २ एर्लांग. एकूण १४. तीस चॅनलवर १४ एर्लांग आरामात बसतात, हजारात एक कॉलसुद्धा अडत नाही. इनकमिंगला २५ची मर्यादा घातली तरीही १२ एर्लांगला ती जाणवत नाही. रोजच्या दिवशी या मर्यादेमुळे काहीच बिघडत नाही आणि काही सुधारतही नाही. ती वाईट दिवसासाठी आहे.

आता वाईट दिवस घ्या. इनकमिंग ४० एर्लांगवर गेलं, आउटगोइंग २वरच आहे. मर्यादा नसेल तर ३० चॅनलवर ४२ एर्लांग आदळतात आणि एर्लांगच्या सूत्राप्रमाणे सुमारे ३३ टक्के कॉल अडतात. आतून लावलेल्या दर तीन फोनांपैकी एक जात नाही, तेही फोन न लागलेले लोक पुन्हा लावत नाहीत असं धरून. प्रत्यक्षात ते लावतातच, त्यामुळे हाल याहून जास्त. इनकमिंगला २५वर थांबवलं तर आउटगोइंगला किमान ५ चॅनल मिळतात आणि २ एर्लांगसाठी अडण्याचं प्रमाण ३.७ टक्क्यांच्या वर जात नाही. सुमारे सत्तावीसात एक. बाहेरून कितीही फोन आले, चाळीस एर्लांगचे चारशे झाले, तरी हा आकडा हलत नाही. मर्यादा घालण्याचं खरं कारण हे.

याची किंमत इनकमिंग भरतं. त्याच दिवशी इनकमिंग अडण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांवरून जवळपास ४१ टक्क्यांवर जातं. हे व्यवस्थापनाला आधी सांगून ठेवलेलं बरं. ‘फोन एंगेज लागतो’ अशी तक्रार येईल तेव्हा हा निर्णय कोणी आणि का घेतला, हे सगळ्यांना माहीत असायला हवं.

किती राखायची याचं उत्तर वाईट दिवसाच्या आउटगोइंगवरून काढा, सरासरी दिवसाच्या नाही. २ एर्लांगसाठी ४ चॅनल राखली तर सर्वांत वाईट स्थितीत साडेनऊ टक्के कॉल अडतात, ५ राखली तर ३.७, ६ राखली तर १.२, आणि ७ राखली तर ०.३ टक्के. एक-एक चॅनलने केवढा फरक पडतो ते पाहा. आणि संकटाच्या दिवशी आतून जाणारे फोनही वाढतात, हे धरूनच २ हा आकडा ठरवलेला असावा.

मर्यादा एकाच बाजूला घाला

मग सरळ लाइनचे दोन तुकडेच का करू नयेत? १५ इनकमिंगला, १५ आउटगोइंगला, वाद संपला. कारण तुकडे पाडले की क्षमता वाया जाते. तीस चॅनल एकत्र असतील तर एक टक्का अडथळा सोसून ती २०.३ एर्लांग वाहतात. पंधरा-पंधराचे दोन गट प्रत्येकी ८.१ वाहतात, मिळून १६.२. चार एर्लांग कुठेच जात नाहीत, ते फक्त वाया जातात: एका गटात चॅनल रिकामी पडलेली असतात आणि दुसऱ्या गटात कॉल परत जात असतात.

म्हणून इनकमिंगला २५ची मर्यादा घाला, पण आउटगोइंगला ‘फक्त शेवटची ५ वापर’ असं बांधू नका. इनकमिंग कमी असेल तेव्हा आउटगोइंगने १० किंवा १५ चॅनल घेतली तरी हरकत नाही. आउटगोइंगच्या बाजूने मोठी मोहीम चालत असेल, शेकडो ग्राहकांना स्वयंचलित फोन जात असतील, तरच तिलाही वेगळी मर्यादा हवी. नाहीतर उलटा प्रसंग ओढवतो आणि ग्राहकांना लाइन मिळत नाही.

याच जागी दोन कल्पनांची गल्लत होते. ‘इनकमिंग २५च्या वर नको’ हा एक नियम. ‘एकूण मोकळी चॅनल ५ किंवा त्याहून कमी उरली की नवं इनकमिंग नको’ हा दुसरा. समजा १४ इनकमिंग आणि ११ आउटगोइंग चालू आहेत. पहिला नियम १५वं इनकमिंग घेईल. दुसरा नाकारेल, कारण मोकळी फक्त ५ आहेत. दुसऱ्या नियमात मोकळी उरलेली शेवटची ५ चॅनल नव्या आउटगोइंगसाठीच राहतात, पण आउटगोइंग आधीच पुरेसं चालू असतानाही ग्राहक परत पाठवले जातात. बहुतेक गेटवे पहिलाच नियम पाळू शकतात, कारण ते दिशेप्रमाणे मोजतात. बहुतेकांना तोच पुरतोही.

आधी सेवा कंपनीकडे मागा

इनकमिंग खरोखर रोखू शकतं ते एक्स्चेंज, म्हणून पहिला फोन तिकडे. पीआरआय लाइनवर ठरावीक चॅनल फक्त आउटगोइंग, ठरावीक फक्त इनकमिंग आणि बाकीची दोन्ही दिशांना, अशी मांडणी अनेक कंपन्या करून देतात. मागणी लेखी करा आणि चॅनलचे क्रमांक स्पष्ट लिहा: ‘१ ते २५ दोन्ही दिशा, २६ ते ३० फक्त आउटगोइंग’. ई-वनवर एक घोळ ठरलेला आहे. काही जण चॅनल १ ते ३० मोजतात, काही टाइमस्लॉट १ ते ३१ मोजतात आणि त्यात १६ वगळतात. एकाचं ‘चॅनल २६’ म्हणजे दुसऱ्याचा टाइमस्लॉट २७. कोणती मोजणी धरली आहे ते दोन्हीकडून पक्कं करून घ्या.

एसआयपी ट्रंकवर ‘एकूण ३० कॉल, त्यात इनकमिंग कमाल २५’ एवढीच मागणी पुरते. सोबत आणखी एक गोष्ट मागता येते: मर्यादा भरल्यावर आलेला कॉल दुसऱ्या नंबरवर किंवा एखाद्या घोषणेवर वळवणं. मग ग्राहकाला नुसता एंगेज टोन ऐकू येत नाही, आणि तुमचं एकही चॅनल खर्च होत नाही. गेटवेवर हे सहसा जमत नाही, कारण गेटवे घोषणा ऐकवत असेल तेवढा वेळ कॉलने चॅनल अडवलेलंच असतं.

गेटवेवर करायचं असेल तर

कंपनी तयार नसेल, किंवा आकडा तुम्हाला वेळोवेळी बदलायचा असेल, तर काम गेटवेवर होतं.

सिस्कोच्या आयओएस राउटरवर सर्वांत स्वच्छ मार्ग ट्रंक ग्रुपचा. ट्रंक ग्रुप बनवा, ई-वनचा सिग्नलिंग इंटरफेस त्यात घाला आणि ग्रुपमध्ये ‘मॅक्स-कॉल्स व्हॉइस २५ डायरेक्शन इन’ अशी मर्यादा लिहा. डायल पीअर म्हणजे कोणता कॉल कोणत्या वाटेने जाणार हे सांगणारी नोंद, आणि टेलिफोन लाइनच्या बाजूची ती पॉट्स. आउटगोइंगच्या पॉट्स डायल पीअरमध्ये पोर्टऐवजी हा ट्रंक ग्रुप द्या. दोन ई-वन असतील तर दोन्ही एकाच ग्रुपमध्ये हवेत. वेगळे ठेवले तर प्रत्येकाची मोजणी वेगळी होते.

दुसरा मार्ग डायल पीअरवरच्या ‘मॅक्स-कॉन’चा. तो सोपा दिसतो, पण त्यात तीन खड्डे आहेत. पहिला: मर्यादा लागू व्हायची तर इनकमिंग कॉल त्याच डायल पीअरशी जुळला पाहिजे. ‘इनकमिंग कॉल्ड-नंबर’ची ओळ नसेल किंवा चुकली असेल तर कॉल शून्य क्रमांकाच्या मूळ डायल पीअरवर जातो. त्याच्यावर काहीही बसवता येत नाही, आणि तुमची मर्यादा कागदावरच राहते. दुसरा: वेगवेगळ्या नंबर-मालिकांसाठी तीन डायल पीअर असतील तर प्रत्येकाचा हिशोब स्वतंत्र. तिघांना २५ दिलं म्हणजे एकूण ७५ झाले आणि लाइन तर ३०चीच. तिसरा: इनकमिंग आणि आउटगोइंगला एकच डायल पीअर वापरला की मोजणीचा घोळ होतो. दोन्हीसाठी वेगळे डायल पीअर ठेवा.

गेटवे एमजीसीपीवर (गेटवेला वरच्या सर्व्हरने चालवण्याची पद्धत) चालत असेल तर कॉलचा निर्णय गेटवे घेतच नाही, वरचा कॉल एजंट घेतो. अशा गेटवेवर डायल पीअरमध्ये लिहिलेली मर्यादा एरवी वाचलीही जात नाही. वरच्याशी संपर्क तुटून गेटवे स्वतःच्या बळावर चालू लागला तरच ती जागी होते. मर्यादा कुठे लिहायची हे ठरवण्याआधी हे तपासा, नाहीतर दिवसभर चुकीच्या जागी शोध घेतला जातो.

अ‍ॅस्टेरिस्क या फोनव्यवस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये नियम डायलप्लॅनमध्ये, म्हणजे कॉलचं काय करायचं ते लिहिलेल्या सूचनांत लिहायचा. ‘ग्रुप’ फंक्शनने कॉलवर खूण करायची, ‘ग्रुप-काउंट’ने त्या खुणेचे कॉल मोजायचे. आधी खूण करा, मग मोजा. उलट केलंत तर एकाच क्षणी आलेले दोन कॉल एकमेकांना न मोजता दोघेही आत येतात. खूण आधी केल्यामुळे मोजणीत तो कॉल स्वतःही असतो, म्हणून अट ‘२५ किंवा जास्त’ अशी नको, ‘२५ पेक्षा जास्त’ अशी हवी. अट खरी ठरली की ‘हँगअप’ला १७ हा ‘एंगेज’चा कोड देऊन कॉल परत करा, आणि त्याच्या आधी ‘आन्सर’ येऊ देऊ नका. अ‍ॅस्टेरिस्क वेबवरून चालवणाऱ्या फ्रीपीबीएक्सच्या ट्रंकमधला ‘मॅक्झिमम चॅनल्स’ हा रकाना यासाठी उपयोगाचा नाही. तो आउटगोइंगला थांबवतो. तिथे २५ लिहिलंत तर नेमकं उलटं काम झालं.

नकार कसा द्यायचा

या भागाकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं आणि सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. आयएसडीएनवर कॉल नाकारताना गेटवे कारणाचा क्रमांक पाठवतो. १७ म्हणजे ‘एंगेज’. फोन करणाऱ्याला एंगेज टोन ऐकू येतो आणि विषय तिथेच संपतो. ३४ म्हणजे ‘चॅनल उपलब्ध नाही’, ४२ म्हणजे ‘यंत्रणेवर गर्दी’. हे दोन आले की एक्स्चेंज तोच कॉल दुसऱ्या वाटेने पाठवून पाहू शकतं. तुमची दुसरी लाइन दुसऱ्या गेटवेवर असेल आणि कॉल तिकडे वळावा असं वाटत असेल तर ३४ योग्य. तसं नको असेल तर १७. कोणता क्रमांक जातोय हे न बघता मर्यादा चालू केली, तर एका गेटवेवर नाकारलेला प्रत्येक कॉल दुसऱ्या गेटवेचा राखीव भाग खाऊ लागतो.

एसआयपीवर ४८६ हे ‘एंगेज’चं उत्तर आणि ५०३ हे ‘सेवा उपलब्ध नाही’चं. ५०३ जपून वापरा. २००२ सालच्या एसआयपीच्या मूळ मानकाप्रमाणे, ५०३ सोबत ‘इतक्या सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करा’ अशी वेळ दिली असेल तर समोरच्याने तेवढा वेळ त्या सर्व्हरकडे काहीच पाठवू नये. एक कॉल नाकारायला जावं आणि मिनिटभर सगळं इनकमिंग बंद व्हावं, हे अशानेच होतं. एका कॉलला नकार द्यायचा असेल तर ४८६.

दोघांनी एकच चॅनल धरलं तर

गर्दीत मोजकीच चॅनल मोकळी असतात तेव्हा गेटवे आउटगोइंगसाठी आणि एक्स्चेंज इनकमिंगसाठी एकाच क्षणी तेच चॅनल निवडू शकतात. याला ग्लेअर म्हणतात. आयएसडीएनच्या क्यू.९३१ मानकात नियम आहे: असा झगडा झाला की नेटवर्क इनकमिंगला प्राधान्य देतं. आउटगोइंगला दुसरं चॅनल मिळालं तर ठीक, नाहीतर तो कॉल पडतो, बरेचदा ४४ या क्रमांकाने.

उपाय साधा आहे. एक्स्चेंज १ पासून वर मोजत असेल तर गेटवेने ३० पासून खाली यावं. सिस्कोवर हे ‘आयएसडीएन बीचॅन-नंबर-ऑर्डर’ने ठरतं. अ‍ॅस्टेरिस्कच्या डाहडीमध्ये (ई-वन कार्ड चालवणारा ड्रायव्हर) ‘डायल’च्या गटाचं इंग्रजी ‘जी’ अक्षर लहान लिपीत लिहिलं तर मोजणी खालून वर जाते, मोठ्या लिपीत लिहिलं तर वरून खाली. एका अक्षराचा फरक, पण गर्दीच्या दिवशी तो दिसतो. शेवटची पाच चॅनल कंपनीनेच फक्त आउटगोइंग करून दिली असतील तर गेटवेला तिथूनच सुरुवात करायला लावा. त्या पाचांवर ग्लेअर होऊच शकत नाही.

साध्या अ‍ॅनालॉग लाइन असतील तर

आठ साध्या लाइन गेटवेच्या एफएक्सओ पोर्टांना (साधी टेलिफोन लाइन जोडायची जागा) जोडल्या आहेत असं समजा. इथे राखणं सर्वांत सोपं. कंपनीचा हंटिंग गट, म्हणजे पहिली एंगेज असेल तर दुसरी, मग तिसरी अशी साखळी, पहिल्या सहा लाइनपुरताच ठेवा. शेवटच्या दोन साखळीबाहेर. गेटवेने आउटगोइंग शेवटच्या लाइनपासून सुरू करावं.

पण त्या दोन लाइनना स्वतःचे नंबर असतात, आणि आउटगोइंग कॉल घेणाऱ्याच्या फोनवर तेच दिसतात. लोक ते सेव्ह करतात आणि त्यांवर परत फोन करतात. सहा महिन्यांत राखीव लाइन राखीव राहत नाही. म्हणून त्या लाइनवर इनकमिंग बंद करून मागा. तेवढं झालं नाही तर निदान त्या पोर्टवर आलेला कॉल कुठे जाणार हे ठरवून ठेवा. सिस्कोच्या एफएक्सओ पोर्टवर ‘कनेक्शन प्लार’ (आलेला कॉल थेट ठरलेल्या नंबरवर नेणारी सेटिंग) नसेल तर बाहेरून फोन करणाऱ्याला आतला डायल टोन मिळू शकतो. त्या टोनवरून तो तुमच्या खर्चाने हवा तिकडे फोन लावू शकतो. राखीव म्हणून दुर्लक्षित ठेवलेलं पोर्ट हे चोरीचं दार होऊ नये.

अ‍ॅनालॉगवर ग्लेअर वेगळ्या रूपात येतो. लूप-स्टार्ट (साध्या लाइनचा नेहमीचा प्रकार) लाइनवर दोन घंट्यांच्या मधल्या शांततेत गेटवेने लाइन उचलली तर आउटगोइंग करणारा माणूस थेट बाहेरच्या अनोळखी माणसाशी बोलू लागतो. साखळीबाहेरच्या, इनकमिंग बंद असलेल्या लाइनवर हे घडत नाही. दुसरी अडचण: समोरच्याने फोन ठेवला हे गेटवेला कळलंच नाही तर पोर्ट अडून राहतं. दोनच लाइन राखीव असतील आणि त्यातली एक अशी लटकली, तर निम्मी राखीव क्षमता गेली. लाइन सोडल्याची खूण, म्हणजे विद्युतदाब क्षणभर तोडणं किंवा ठरावीक टोन, कंपनी कोणती देते ते विचारा आणि गेटवेवर तीच ओळखायला लावा.

राखीव जागा कुठे मुरते

सर्वांत मोठी गळती कॉल फॉरवर्डची. एखाद्याने आपला टेबलावरचा फोन मोबाइलवर वळवला असेल तर बाहेरून आलेला एक कॉल दोन चॅनल खातो, एक आत येताना आणि एक परत बाहेर जाताना. दुसरं आउटगोइंग म्हणून मोजलं जातं आणि तुमच्या राखीव पाचातूनच जातं. वाईट दिवशी चार जणांनी फोन वळवलेले असतील तर राखीव पाचातलं एक उरतं. बाहेर वळवलेल्या कॉलसाठी वेगळा आउटगोइंग मार्ग ठेवा आणि त्याला दोन-तीनची मर्यादा घाला.

रांग हे दुसरं. २५ इनकमिंग चालू दिसतात, पण बोलणारे १०च आणि १५ संगीत ऐकत थांबलेले. रांगेची लांबी कमी केली की बरेचदा राखीव ठेवण्याची गरजच अर्धी होते.

तिसरं डीएसपीचं. गेटवेमध्ये आवाजाचं रूपांतर करणाऱ्या या चिपची क्षमता ३० कॉलची नसेल तर चॅनल मोकळं असूनही कॉल लागत नाही. जी.७२९सारख्या जड कोडेकवर (आवाजाचं डिजिटल रूपांतर करण्याची पद्धत) त्याच डीएसपीत जी.७११पेक्षा कमी कॉल बसतात. आणि आतल्या बाजूचं नेटवर्क: जी.७११, २० मिलिसेकंदांचे पॅकेट, म्हणजे आयपी पातळीवर प्रत्येक दिशेला ८० केबीपीएस. तीस कॉलना २.४ एमबीपीएस लागतात. शाखा आणि गेटवे यांच्यातली वाट याहून अरुंद असेल तर लाइनवर राखलेल्या जागेचा उपयोग शून्य.

आपत्कालीन कॉल

राखीव पाच चॅनल साध्या आउटगोइंगनेही भरू शकतात. मग पोलिसांना किंवा रुग्णवाहिकेला लावलेला कॉल अडतो. ‘साध्या आउटगोइंगलाही मर्यादा घालू’ असं सुचतं, पण हिशोब करून पाहा. गेटवे इनकमिंग आणि आउटगोइंग वेगवेगळं मोजतो. एक चॅनल हमखास मोकळं हवं तर दोन्ही मर्यादांची बेरीज २९च्या आत पाहिजे: इनकमिंग २५, तर साधं आउटगोइंग ४. म्हणजे पुन्हा लाइनचे तुकडे पडले, आणि शांत दिवशीसुद्धा पाचवा आउटगोइंग कॉल जाणार नाही.

अ‍ॅस्टेरिस्कसारख्या ठिकाणी एकूण कॉल मोजून नियम लिहिता येतो: एकूण २९ भरले की नवं इनकमिंगही नाही, साधं आउटगोइंगही नाही, आपत्कालीन मात्र नेहमी. तसं जमत नसेल तर एक स्वतंत्र अ‍ॅनालॉग लाइन घ्या, आपत्कालीन नंबरांचा पहिला मार्ग तिच्यावरून ठेवा आणि ई-वन दुसऱ्या पसंतीला. ती लाइन इतर कशालाही देऊ नका, फॅक्सलाही नाही. ई-वनची केबल तुटली तरी हा मार्ग जिवंत राहतो, म्हणून पहिला उपाय जमत असला तरीही आमची पसंती यालाच आहे.

चाचणी

२५ कॉल गोळा करून चाचणी करायची गरज नाही. कामाच्या वेळेबाहेर मर्यादा तात्पुरती २ करा. तीन मोबाइलवरून फोन लावा. पहिले दोन लागले पाहिजेत, तिसऱ्याला एंगेज टोन ऐकू आला पाहिजे. टोनऐवजी शांतता, ‘हा नंबर अस्तित्वात नाही’ अशी घोषणा किंवा लांबलचक रिंग आली तर नकाराचा क्रमांक तपासा. सिस्कोवर क्यू.९३१चा डीबग चालू केला की कारण हेक्साडेसिमल (सोळाच्या पायावरच्या) पद्धतीत दिसतं. शेवटचे दोन अंक ९१ असतील तर १७, ‘ए२’ असतील तर ३४, ‘एए’ असतील तर ४२.

पहिले दोन चालू असतानाच आतून बाहेर फोन लावा. तो गेला पाहिजे. मग एक इनकमिंग बंद करून लगेच पुन्हा बाहेरून लावा. तो लागला नाही तर मोजणी खाली येत नाहीये, म्हणजे कुठेतरी कॉल लटकतो आहे. फॉरवर्ड केलेला एक फोन, फॅक्स आणि प्रत्येक नंबर-मालिकेतला एक नंबरही तपासा, कारण एखादी मालिका दुसऱ्याच डायल पीअरवर जाते ते इथेच सापडतं. मर्यादा बदलल्याने चालू कॉल तुटत नाहीत. आकडा २५ वर परत नेल्यावर तो सेव्ह झाल्याची खात्री करा, नाहीतर राउटर पुढच्या वेळी सुरू होताना जुनी मर्यादा घेऊन उठेल.

त्यानंतर महिनाभर कॉलच्या नोंदींमध्ये दोन आकडे वेगळे काढत जा: १७ देऊन परत पाठवलेले इनकमिंग, आणि ३४ किंवा ४४ने पडलेले आउटगोइंग. पहिला रोज दिसत असेल तर लाइनच अपुरी आहे आणि चॅनल वाढवावी लागतील. दुसरा एकदाही दिसला तर त्या मिनिटाला किती इनकमिंग, किती आउटगोइंग आणि किती फॉरवर्ड केलेले कॉल चालू होते ते बघा, आणि २५चा आकडा त्यावरून हलवा.